दुभंगलेल्या टाळूच्या मुलांचं बोलणं कानाने कसं तपासायचं

टाळूची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, पोर भाकरी चावून खायला लागलं, की घरच्यांना वाटतं आता बोलणंही आपोआप सुधारेल. काहींचं सुधारतं, काहींचं नाही. ज्यांचं सुधारत नाही, त्यांच्या केसपेपरवर बहुतेक वेळा एकच शेरा असतो : 'नाकात बोलतो'. या दोन शब्दांत चार-पाच निरनिराळे दोष कोंबलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, एकाला दातांच्या डॉक्टरांकडून टाळूला बसवायची प्लेट, एकाला नुसता रोजचा सराव. उपाय चुकला तर मुलाची दोन-चार वर्षं फुकट जातात, आणि ती नेमकी शाळेची पहिली वर्षं असतात. म्हणून हे दोष कानाने वेगळे कसे करायचे ते सविस्तर लिहिते आहे. नवे स्पीच थेरपिस्ट, शाळा-अंगणवाड्या तपासणाऱ्या पथकांतले डॉक्टर आणि ज्यांच्या वर्गात असं मूल आहे ते शिक्षक, अशा सगळ्यांसाठी हे आहे.

नाकाची वाट कशी बंद होते ते आधी थोडक्यात. बोलताना मऊ टाळू वर उचलली जाते, घशाच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती तिला येऊन मिळतात आणि हवा तोंडाकडे वळते. अशी मिटणाऱ्या या जागेलाच मी पुढे घशाची झडप म्हणते. म, न, ण या वर्णांना ही वाट उघडी लागते, बाकीच्यांना बंद. प, ब, त, द, ट, ड, क, ग, च, ज, स, श आणि त्यांची महाप्राण भावंडं तोंडात हवेचा दाब साठल्याशिवाय निघतच नाहीत. त्यांना मी दाबाचे वर्ण म्हणते. य, र, ल, ळ, व, ह यांना दाब फारसा लागत नाही. सगळी तपासणी या तीन गटांवर उभी आहे.

ऐकायला बसण्याआधी

मुलाला सर्दी असेल तर तपासणी पुढे ढकला. नाक चोंदलेलं असलं की गेंगाणेपणा झाकला जातो आणि तुम्ही 'सुधारणा आहे' असं लिहून मोकळे होता.

कान तपासलेले नसतील तर ते आधी. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठण्याचं प्रमाण फार मोठं असतं. ज्या मुलाला 'स' धड ऐकूच येत नाही, त्याच्या तोंडून तो येणार कसा?

मग बॅटरी घेऊन तोंडात पाहा. टाळूला कुठे भोक राहिलं आहे का, असेल तर पुढे की मागे, दातांची रांग आत गेली आहे का, टॉन्सिल किती मोठे आहेत, हे टिपून ठेवा. ज्या मुलाचा ओठ आणि टाळू वरवर धड दिसतात पण बोलणं गेंगाणं आहे, त्याच्या तोंडात तीन खुणा शोधा : पडजिभेला फाटा, मऊ टाळूच्या मध्यावर निळसर पातळ पट्टा आणि बोट फिरवल्यावर कडक टाळूच्या मागच्या काठाला लागणारी खाच. वरची त्वचा सांधलेली पण आतला स्नायू दुभंगलेला, असा हा प्रकार असतो. तो शाळेत जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलाचे अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागे घशात असलेल्या गाठी) काढले तर गेंगाणेपणा एकदम वाढू शकतो. घोरतो म्हणून कुणी ते ऑपरेशन सुचवलं असेल, तर या खुणा आधी त्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

वयाचं म्हणाल तर साधारण तीन वर्षांपासून मूल सांगितलेलं म्हणून दाखवतं आणि तपासणीला अर्थ येतो. त्याआधीही ऐकायचं असतंच. आठ-दहा महिन्यांचं बाळ 'बाबाबा' म्हणतं की नुसतं 'मामामा' आणि 'अअअ' करतं, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. टाळूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर काही महिने जाऊ द्या.

आधी बोली, मग दोष

ही पायरी पुस्तकात दोन ओळींत आटोपलेली असते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबते.

मी मिरजेत काम करते. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे दवाखाना काढला, तेव्हापासून औषधपाण्याला मिरजेची वाट धरायची सवय या मुलखाला आहे. त्यामुळे एकाच सकाळी बाकावर माण-खटावची आजी, जत तालुक्यातलं घरात कानडी बोलणारं कुटुंब आणि मिरजेतलीच दखनी बोलणारी आई शेजारीशेजारी बसलेल्या असतात. तिघींच्या मुलांना एकच मोजपट्टी लावली की घोटाळा झालाच म्हणून समजा.

सातारा-सांगलीच्या खेड्यांत 'पाणी'चं 'पानी', 'शाळा'चं 'साळा', 'वेळ'चं 'येळ' होतं. शब्दाच्या शेवटचा महाप्राण गळतो : 'दूध'चं 'दूद', 'ओठ'चं 'ओट'. हे दोष नाहीत. कानडी घरातलं मूल 'भाकरी'ला 'बाकरी' म्हणालं तर तेही दोषात धरायचं नाही, कारण बोलीभाषेतल्या कानडीत महाप्राण बहुधा सौम्यच होतात. दखनीत 'मैं', 'नहीं' असे खरोखरचे नाकातले स्वर असतात. आपल्या मराठी बोलण्यात ते आता जवळपास उरलेले नाहीत, म्हणून मराठी कानाला दखनी बोलणारं मूल आहे त्यापेक्षा जास्त गेंगाणं वाटतं.

यावर उपाय साधा आहे. सोबत आलेल्या आई, मामा किंवा आजीकडून तीच वाक्यं आधी म्हणवून घ्या. घरातलं मोठं माणूस जसं बोलतं तेच मुलासाठी प्रमाण. शिवाय मुलाची पाठ राखायला कुणीतरी आधी बोललं की त्याची भीडही चेपते.

कोणती वाक्यं म्हणवून घ्यायची

इंग्रजी चाचण्यांची भाषांतरं वापरू नका. भाषांतरात वर्णांची वाटणी बिघडते आणि एका वाक्यात म, न, स, क असे सगळे एकत्र येतात. मग नाकातून जे ऐकू आलं ते कशामुळे आलं ते उमगत नाही. प्रत्येक वाक्यात दाबाचा एकच वर्ण हवा आणि बाकी सगळे बिनदाबाचे. मराठीत '…ला … हवा' हा साचा यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्यात ल, ह, व एवढेच वर्ण आहेत. मी वापरते ती वाक्यं अशी :

पप्पूला पेरू हवा.
बाबूला बैल हवा.
तात्याला तूर हवी.
दादाला दही दे.
वाटी ओट्यावर आहे.
काकीला काकवी हवी.
गौरीला गूळ हवा.
सईला साय हवी.
शशीला शिरा हवा.

'च' आणि 'ज' दोन-दोनदा तपासा. 'चहा'तला च आणि 'चूल'मधला च तोंडात वेगळ्या जागी होतात, तसंच 'जेव' आणि 'जाळ'चं. एक बिघडलेला आणि दुसरा धड, असं पुष्कळदा आढळतं.

यांच्या जोडीला दाब नसलेलं एक वाक्य, 'वाळू ओली आहे', आणि नाकातल्या वर्णांचं एक, 'मामाने मैना आणली'. स्वर लांबवून घ्यायचे ते आ, ई आणि ऊ. मग 'पापापा, पीपीपी', तसंच त, ट, क, स यांचं. शाळेतल्या मुलाला साठपासून अडुसष्टपर्यंत अंक म्हणायला सांगा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... 'स' आणि 'ष्ट' यांची अशी सलग रांग मराठीत दुसरीकडे सहज मिळायची नाही. गळती थोडी असली तरी या रांगेत उघडी पडते.

शेवटी दोन मिनिटं मोकळ्या गप्पा. बेंदराला बैल कसा रंगवला ते विचारलं की लाजाळू पोरही खुलतं. गप्पा टाळू नका. वाक्य म्हणताना मूल जपून बोलतं, शर्यतीची गोष्ट सांगताना खरं बोलतं.

गेंगाणेपणा वेगळा, नाकातून सुटणारी हवा वेगळी

गेंगाणेपणा स्वरांत ऐकायचा असतो. आवाज नाकात घुमतो, तो हा दोष. हवा सुटणं दाबाच्या व्यंजनांत ऐकायचं असतं. 'प', 'स' म्हणताना नाकातून फुसफुस किंवा घरघर येते, तो दुसरा. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, पण टिपायचे स्वतंत्रपणे.

गेंगाणेपणा जोखताना म-न असलेली वाक्यं बाजूला ठेवा, कारण त्यांच्या शेजारचे स्वर कुणाचेही थोडे नाकात जातात. बाकीच्या वाक्यांवरून शून्य ते तीन असा अंक द्या. काहीच नसेल तर ०. फक्त ई आणि ऊ नाकात जात असतील तर १. 'आ'सुद्धा जात असेल तर २. आणि घोष व्यंजनांचं रूपच पालटलं तर ३, म्हणजे 'बाबूला बैल हवा'चं 'मामूला मैल हवा' आणि 'दादाला दही दे'चं 'नानाला नही ने'. मधल्या अंकांवर कान अडखळतो. अशा वेळी 'वाळू ओली आहे' पुन्हा ऐका. तिथे व्यंजनांचा गोंधळ नसतो, निव्वळ घुमणं ऐकू येतं.

मग नाक चिमटीत धरून तेच वाक्य म्हणायला लावा. 'ई' उघड्या नाकाने एक आणि धरलेल्या नाकाने दुसरीच लागली, तर स्वर नाकात जातो आहे. फरक नसेल तर नाही. 'मामाने मैना आणली'वर मात्र उलटा नियम. तिथे नाक धरल्यावर फरक पडायलाच हवा. पडला नाही, आणि उघड्या नाकानेही 'बाबादे बैदा'सारखं ऐकू येत असेल, तर नाक चोंदलेलं आहे. घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडून नाकाची वाट अरुंद करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलात असं आढळलं तर रात्री तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, ते आईला विचारा आणि सर्जनना त्याच दिवशी कळवा.

हवा सुटते का ते पाहायला दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा किंवा गार स्टीलचा चमचा पुरतो. मुलाने 'पापापा' सुरू केल्यावर आरसा नाकपुडीखाली न्यायचा आणि ते थांबण्याआधी काढून घ्यायचा. नाहीतर साध्या श्वासाची वाफ धरते आणि नसलेला दोष दिसतो. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या तपासा. नवीन नळीचं एक टोक नाकपुडीशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरलं तर बारीक फुसफुसही ऐकू येते. नळी प्रत्येक मुलाला वेगळी. याचं टिपण 'नाही, कधीमधी, सतत' अशा तीन पायऱ्यांत करा आणि कोणत्या वर्णांवर ते आवर्जून लिहा. पुढचा सगळा उलगडा त्यावरच होतो.

समजा प, त, स यांवर हवा सुटते, पण क, ग धड आहेत. 'क' टाळूच्या मागच्या भागात होतो. त्याच्या पुढे भोक असेल, तर 'क'ची हवा भोकापर्यंत पोचण्याआधीच अडवलेली असते. तेव्हा अशा मुलात संशय भोकाचा घ्या, घशाच्या झडपेचा नंतर. सगळ्याच दाबाच्या वर्णांवर सुटत असेल तर झडप अपुरी पडते आहे. आणि फक्त 'स'वर, किंवा 'स' आणि 'श'वर सुटत असेल, बाकी सगळं ठणठणीत असेल, तर बहुधा ती सवय आहे. खात्री करायची तर नाक धरून 'स' म्हणवून घ्या. आवाज पूर्ण बंद पडला तर मूल 'स' तोंडाने काढतच नाही, नाकाने काढतं. तो सरावाने जातो, चाकूने नाही.

बोलताना नाकपुड्या आक्रसणं, कपाळाला आठी पडणं, हेही टिपा. हवा अडवायची शरीराची ती धडपड असते. आवाज घोगरा असेल तर तेही लिहा.

वर्ण तोंडातून घशात गेला असेल तर

तोंडात दाब साठत नाही म्हटल्यावर काही मुलं हवा खालीच अडवायला शिकतात, जिथे ती अडवता येते तिथे. सगळ्यात जास्त आढळतो तो स्वरयंत्रात दिलेला ठोका. तोंड न उघडता आपण नकारार्थी 'अंहं' म्हणतो, तेव्हा मध्ये गळ्यात जी अडक जाणवते, तीच. मूल प, त, क या सगळ्यांच्या जागी तीच वापरतं.

आटपाडीकडची सहा वर्षांची एक मुलगी 'काकीला काकवी हवी' हे वाक्य 'आ-ईला आ-अवी हवी' असं म्हणायची. सोबतची आजी म्हणाली, "तिला आईच म्हणायचंय वं, काकीला ती आईच म्हनती." आजीला नातीचं सगळं कळत होतं, म्हणूनच तिला दोष ऐकू येत नव्हता. मुलीचं नाक धरलं, वाक्यात काही फरक पडला नाही. तिच्या गळ्यावर बोट ठेवलं, तर प्रत्येक 'क'च्या जागी खालून हलका धक्का लागत होता. मग तिच्याकडून 'ह' सोडत सोडत कुजबुजत 'हपा, हपा' करून घेतलं आणि चौथ्या-पाचव्या खेपेला ओठांवर 'प' फुटला. नाक धरलेलं नसतानाही त्यात हवा सुटली नाही. तिची झडप काम करत होती. तिला पुन्हा शस्त्रक्रिया लागेल असं घरी ठरून गेलं होतं.

म्हणून सांगते : गळ्यातल्या ठोक्याने बोलणाऱ्या मुलाची झडप चांगली की वाईट, हे त्या बोलण्यावरून ठरवूच नका. दाब तोंडात पोचलेलाच नसतो, मग झडपेची परीक्षा होणार कशी? निदान एक तरी दाबाचा वर्ण जागेवर आणा आणि मग ऐका.

इतर प्रकार थोडक्यात. 'स'च्या जागी घशाच्या मागच्या भिंतीशी खरखर. 'ताट'चं 'काक', म्हणजे वर्ण मागे सरकणं. त आणि क दोन्ही टाळूच्या मध्यावर, एकसारखेच ऐकू येणं. यातला शेवटचा प्रकार कानाला फसवतो, कारण प्रत्येक वेळी आपण अपेक्षित असलेला वर्ण ऐकतो. 'तात्या' आणि 'काका' शेजारीशेजारी म्हणवून घ्या, आणि कोणता शब्द सांगितला ते माहीत नसलेल्या माणसाला ओळखायला लावा. दातांची रांग वाकडी असल्याने बिघडलेला 'स' हा वेगळा. त्याचा रस्ता दातांच्या डॉक्टरांकडे जातो.

ढोबळ कसोटी ही : नाक धरल्यावर वर्ण सुधारला, 'मामू'चं 'बाबू' झालं, तर जीभ-ओठ बरोबर चालले आहेत, दोष रचनेत आहे. तिथे सराव देऊन मुलाला शिणवू नका. नाक धरूनही वर्ण चुकीचाच राहिला, तर तो शिकलेला आहे. तिथे नुसत्या शस्त्रक्रियेने काही व्हायचं नाही.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फुगे फुगवणं, शंख फुंकणं, मेणबत्ती विझवणं, बासरी वाजवणं हे व्यायाम आजही सर्रास सांगितले जातात. त्यांनी बोलणं सुधारत नाही. फुंकर मारताना टाळू जे करते आणि 'पा' म्हणताना जे करते, ती दोन वेगळी कामं आहेत. जतहून एसटीने आलेल्या आईला तुम्ही फुगे सांगितलेत, तर ती इमानेइतबारे वर्षभर फुगे फुगवून घेते. तेवढ्या वेळात 'पापापा' झालं असतं.

रेकॉर्डिंग आणि दुसरा कान

मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत पाऊस वाजत असेल तर दुसरी खोली शोधा. व्हिडिओ घेतलात तर ओठ आणि नाकपुड्या दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो आणि सगळ्यात आधी 'स'चा बारीकपणा मरतो. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि फाइलला मुलाचं नाव न देता नंबर द्या.

तपासणाऱ्याचा कान रोज थोडा सरकतो. दिवसभर गंभीर मुलं ऐकली की संध्याकाळचं मध्यम मूल सौम्य वाटतं. म्हणून तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणीतरी, तुमचे अंक न पाहता, स्वतंत्रपणे ऐकावं. शस्त्रक्रियेच्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही ऐकायचं असेल, तर कोणतं कधीचं ते ऐकणाऱ्याला सांगू नये. दोघांच्या अंकांत फरक आला तर सरासरी काढू नका, एकत्र बसून पुन्हा ऐका. जवळपास एखादी सहकारी नसेल, तर स्वतःच पंधरवड्याने पुन्हा ऐकून अंक ताडून पाहा.

बोलणं किती कळतं, याचाही ० ते ३ असा अंक असतो : नेहमी कळतं, कधीकधी कळत नाही, बऱ्याचदा कळत नाही, जवळपास कधीच कळत नाही. तो अंक मोकळ्या गप्पांवरून द्या, आणि देणारी व्यक्ती मुलाला प्रथमच ऐकणारी असावी.

कागदावर

'नाकात बोलतो' असं लिहू नका. नमुना असा : 'वय ६. कान तपासले, ठीक. घरची बोली मराठी, ण-न आणि श-स भेद नाही, दोषात धरलेला नाही. गेंगाणेपणा १. हवा सुटणे : प, त, स यांवर कधीमधी, क-ग यांवर नाही. कडक टाळूला पुढे भोक. ट, ड यांच्या जागी गळ्यातला ठोका, नाक धरून बदल नाही. कळणे : २. भोकासाठी सर्जन व दंतवैद्य यांचं मत हवं, ठोक्यासाठी सराव आजपासून.' सर्जनना एवढ्यात सगळं कळतं, आणि नेझोएंडोस्कोपी (नाकातून दुर्बीण घालून झडप पाहणं) करायची झाली तर दुर्बिणीसमोर कोणते वर्ण म्हणवून घ्यायचे तेही कळतं. ठोक्याचे वर्ण तिथे म्हणवून घेऊ नयेत, असं खाली लिहून द्या.

खर्चाची धास्ती घेतलेल्या घरांना सांगा, की २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दुभंगलेले ओठ-टाळू धरलेले आहेत. अंगणवाडी किंवा शाळा तपासायला येणारं पथक पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतं. ग्रहणात काही चिरलं-कापलं म्हणून असं झालं, हा बोल लावून घेतलेली आई समोर असते, तिला ते खरं नाही हे स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो सासूच्या देखत सांगा. मग रोज घरी म्हणवून घ्यायची वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून द्या. वाचता येत नसेल तर तिच्याच मोबाईलवर तुमच्या आवाजात भरून द्या. एका वेळी एकच वर्ण, दिवसातून तीन-चारदा पाच-पाच मिनिटं, आणि पुढची तारीख कागदाच्या वरच्या कोपऱ्यात.